टाकीचा श्वास आणि नोझलचा खटका

टाकी अर्धी रिकामी असताना पंपावरचे नोझल ‘खट्’ करून बंद पडते, पुन्हा दाबले की पुन्हा बंद पडते आणि मागे गाड्यांची रांग वाढत जाते, ही चारचाकी चालवणाऱ्यांची नेहमीची तक्रार आहे. पहिला संशय नोझलवर जातो, दुसरा पंपाच्या मालकावर. नोझल जुने झाले असेल, स्प्रिंग गेली असेल, नाहीतर थांबत थांबत भरून मापात काहीतरी गोलमाल चालला असेल, असे तर्क सुरू होतात. या प्रकरणाचे म्हणणे याहून वेगळे आहे. वेळेआधी बंद पडणारे नोझल बहुतेक वेळा ज्या कामासाठी बनवले तेच काम चोख करत असते. अडचण असते ती गाडीत, टाकीतली हवा बाहेर पडण्याच्या वाटेवर. आणि ती वाट बिघडवणारी एक सवय आपल्या सगळ्यांच्या अंगवळणी पडलेली आहे: खटका वाजल्यानंतरही बसेल तेवढे भरून घेण्याची. म्हणून या तक्रारीचा विचार करताना नोझल आणि टाकी ही दोन वेगळी यंत्रे न मानता एकाच यंत्राचे दोन भाग मानावे लागतात.

नोझलच्या पोटात काय चालते ते आधी पाहू. बाहेरून दोनच गोष्टी दिसतात, दाबायचा दांडा आणि पुढची वाकडी नळी. या नळीच्या टोकाजवळ एक बारीक भोक असते. सहसा कोणाचे त्याच्याकडे लक्ष जात नाही, पण सारा खेळ त्याचाच आहे. हे भोक म्हणजे मोठ्या नळीच्या आतून गेलेल्या दुसऱ्या, अगदी बारीक नळीचे तोंड. ती बारीक नळी नोझलच्या अंगात अशा जागी पोचते, जिथे इंधनाचा मार्ग मुद्दाम अरुंद केलेला असतो. अरुंद जागेतून जाताना द्रवाचा वेग वाढतो आणि तिथला दाब घटतो. डॅनिएल बर्नुली यांनी १७३८ मध्ये वेग आणि दाब यांचे नाते मांडले. इटलीच्या जिओव्हानी बॅतिस्ता व्हेंचुरी यांनी १७९७ मध्ये अरुंद होणाऱ्या नळ्यांमधील प्रवाहाविषयीचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. पंपावर रोज लाखो वेळा वापरले जाते ते हेच तत्त्व. धार वाहत असेपर्यंत ती अरुंद जागा बारीक नळीतून हवा ओढत राहते. हवा मिळते आहे तोवर काही घडत नाही. इंधन वर चढून टोकाचे भोक झाकले गेले की हवा मिळेनाशी होते, ओढ मात्र चालूच राहते. मग तिचा सगळा जोर एका पातळ पडद्यावर येतो, पडदा सरकतो, त्याला जोडलेली खीळ सुटते, दांड्याचा आधार निघून तो ढिला पडतो आणि स्प्रिंग मुख्य झडप मिटवते. आपल्याला ऐकू येतो तो खटका हाच. यात वीज नाही, सेन्सर नाही, टाकी किती भरली हे मोजणारे तर काहीच नाही.

म्हणजे नोझलला एकच गोष्ट कळते: टोकाशी हवा आहे की द्रव. टाकीत चाळीस लिटर आहेत की चार, हे त्याच्या गावी नसते. भोकाशी द्रव पोचला, मग तो टाकी भरल्यामुळे पोचो, गळ्याच्या भिंतीवर आपटून उडालेल्या शिंतोड्यांमुळे पोचो किंवा फेसामुळे पोचो, नोझल बंद होणारच. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रिचर्ड कॉर्सन यांनी आपोआप बंद होणारे नोझल घडवले. त्यानंतर या वस्तूत सुधारणा खूप झाल्या, पण मूळ कल्पना तीच राहिली. अनेक नोझलांमध्ये हवेच्या वाटेत एक छोटी गोळीही ठेवलेली असते. नोझलचे तोंड वरच्या बाजूला झाले की ती घरंगळून वाट अडवते आणि धार थांबते. या सगळ्या रचनेचा कल स्पष्ट आहे. चूक व्हायचीच असेल तर ती धार थांबण्याची व्हावी, सांडण्याची होऊ नये. ज्वालाग्राही द्रव हाताळणाऱ्या यंत्राकडून दुसरी कोणती अपेक्षा धरणार? पेट्रोलची वाफ हवेत दीड टक्क्याच्या आसपास मिसळली तरी पेट घेऊ शकते आणि उणे चाळीस अंशांच्या थंडीतही पेट्रोलमधून पेटण्याइतकी वाफ निघत असते. नोझलच्या उगाच थांबण्याचा त्रास आपल्याला वाटतो, तो या हिशेबात फार लहान आहे.

आता टाकीकडे वळू. अरुंद तोंडाची घागर पाण्यात बुडवली की ती बुडबुड आवाज करत, धापा टाकत भरते, कारण ज्या तोंडातून पाणी आत येते त्याच तोंडातून हवेला बाहेर यायचे असते. गाडीच्या टाकीलाही हाच नियम लागू आहे, फक्त तिथे वेग फार मोठा आहे. अमेरिकेत १९९६ पासून किरकोळ पंपांवरच्या धारेवर मिनिटाला दहा गॅलन, म्हणजे सुमारे ३८ लिटरची कायदेशीर मर्यादा आहे. आपल्याकडेही मोटारींसाठीची धार साधारण याच पट्ट्यात असते. मिनिटाला ३८ लिटर म्हणजे सेकंदाला सहाशे मिलिलिटरहून जास्त इंधन आत जाते आणि सेकंदाला तेवढीच वाफमिश्रित हवा बाहेर पडावी लागते. शिवाय खळाळत पडणाऱ्या पेट्रोलमधून नवी वाफ तयार होत असते, तिलाही वाट हवी. ही वाट जरा तुंबली तर काय होईल याचा हिशेब सोपा आहे. भरायचे तोंड टाकीतल्या पातळीपेक्षा तीस सेंटिमीटर उंच आहे असे धरले, तर तेवढा पेट्रोलचा स्तंभ वर ढकलायला वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम दोन टक्के जादा दाब पुरतो. टाकीत एवढासा दाब साचला की पेट्रोल खाली उतरण्याऐवजी गळ्यात वर चढते, नोझलचे भोक झाकते आणि खटका पडतो. टाकी रिकामीच असते, पण नोझलच्या टोकाशी मात्र खरोखरच द्रव आलेला असतो. नोझलने दिलेली खबर खोटी नसते. आपण तिचा अर्थ चुकीचा लावतो.

जुन्या गाड्यांत हवेची ही वाट साधी होती. मुख्य गळ्याशेजारून एक बारीक नळी टाकीतून वर येई आणि हवा तोंडापाशी सोडून देई. वाफ थेट हवेत जाई. आजच्या पेट्रोल गाडीत तसे चालत नाही. टाकीच्या वरच्या भागात तरंगत्या गोळ्यावर चालणारी एक झडप असते. तिच्यातून निघालेली वाफ सक्रिय कोळशाने भरलेल्या डब्यात जाते, त्याला गॅरेजमध्ये कॅनिस्टर म्हणतात. कोळशाच्या असंख्य सूक्ष्म छिद्रांत पेट्रोलची वाफ अडकून राहते आणि उरलेली हवा पलीकडच्या नळीतून बाहेर पडते. इंजिन चालू असताना पर्ज व्हॉल्व्ह नावाची झडप उघडते, कोळशात साठलेली वाफ इंजिनात ओढली जाते आणि जळून जाते. फुकट जाणारे पेट्रोल कामी येते, शहराची हवाही वाचते. या साखळीत आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे ती तरंगता गोळा असलेली झडप. टाकी ठरलेल्या पातळीपर्यंत भरली की गोळा वर येतो, हवेची वाट मिटते, टाकीत दाब साचतो, पेट्रोल गळ्यात चढते आणि नोझल बंद होते. म्हणजे ‘आता पुरे’ हा निर्णय प्रत्यक्षात गाडी घेते. नोझल फक्त त्याची अंमलबजावणी करते. गाडी बनवणाऱ्याने ती पातळी विचारपूर्वक ठरवलेली असते आणि तिच्या वर मोकळी जागा हेतुपुरस्सर सोडलेली असते.

एवढे लक्षात घेतले की वेळेआधीच्या खटक्याची कारणे शोधायची कुठे हे उमगते. गोळ्याची झडप बंद अवस्थेत अडकली असेल. टाकीपासून कॅनिस्टरपर्यंतची नळी कुठेतरी दुमडली असेल, विशेषतः मागून ठोकर बसून दुरुस्ती झालेल्या गाडीत. गळ्याच्या तळाशी इंधन परत येऊ नये म्हणून बसवलेली पट्टी नीट उघडत नसेल. पण सर्वांत दुर्लक्षित जागा म्हणजे कॅनिस्टरची बाहेरची नळी, जिथून स्वच्छ झालेली हवा बाहेर पडते. बऱ्याच गाड्यांत कॅनिस्टर टाकीच्या शेजारी, मागच्या चाकांच्या आसपास असतो. कच्च्या रस्त्यांचा फुफाटा आणि पावसाळ्यातला चिखल तिथे बसतो, फिल्टर चोंदतो आणि टाकीला हवा सोडायला जागा उरत नाही. कीटकांनाही असे आडोसे आवडतात. २०११ मध्ये माझदा कंपनीने उत्तर अमेरिकेतल्या सुमारे ६५,००० माझदा ६ गाड्या परत बोलावल्या, त्या एका पिवळट कोळ्यामुळे. पेट्रोलच्या वासाकडे आकर्षित होणारा हा कोळी कॅनिस्टरच्या हवेच्या नळीत जाळे विणत होता. वाट बंद झाल्याने टाकीवर ताण येऊन तिला तडा जाण्याची शक्यता निर्माण झाली होती. २०१४ मध्ये याच कारणासाठी आणखी सुमारे ४२,००० गाड्या परत बोलवाव्या लागल्या. कोळ्याच्या चार धाग्यांनी एका मोटारीची इंधनव्यवस्था अडते, यावरून हवेची वाट किती नाजूक असते हे कळते.

यावर एक रास्त आक्षेप येतो. तीच गाडी एका पंपावर सारखी अडते आणि दुसऱ्या पंपावर सुरळीत भरते, मग दोष पंपाचा नाही कसा? काही वेळा तो खरोखर पंपाचाच असतो. टोकाच्या भोकात कचरा बसला असेल, हवेची बारीक नळी आतून अर्धवट बुजली असेल, तर ते नोझल कोणत्याही गाडीत विनाकारण थांबते. अशा पंपावर मागच्यापुढच्या गाड्यांनाही तोच त्रास होताना दिसेल, आणि नोझल दुरुस्त करणे ही पंपचालकाची जबाबदारी आहे, यात वाद नाही. पण एकाच गाडीची तक्रार असते तेव्हा दोन पंपांतला फरक अनेकदा धारेच्या वेगाचा असतो. अर्धवट तुंबलेली वाट मिनिटाला पंचवीस लिटरची हवा सोडू शकते, चाळीस लिटरची सोडू शकत नाही. मंद धारेच्या पंपावर ही गाडी निमूट भरते आणि जोरदार धारेच्या पंपावर अडते. मालकाला वाटते दुसरा पंप खराब. वास्तविक त्या चांगल्या पंपानेच गाडीतला दोष उघडा केलेला असतो. हायवेवर ट्रकसाठी जास्त वेगाची डिझेल नोझले असतात, त्यांतून कार भरताना तर हे हमखास घडते. डिझेलची आणखी एक अडचण आहे. त्याला पेट्रोलसारखी वाफ धरत नाही, त्यामुळे डिझेल गाडीत कॅनिस्टरची भानगड नसते, पण वेगाने पडताना त्याला फेस येतो. फेस द्रवाच्या बराच आधी नोझलच्या भोकाशी पोचतो आणि खटका पडतो. काही डिझेलमध्ये फेस मोडणारी सिलिकॉनयुक्त द्रव्ये मिसळतात ती त्यासाठीच.

कोनाचाही भाग आहे. काही गाड्यांचा गळा तोंडाजवळच वळतो. नोझल पूर्ण आत खोचले तर धार सरळ वळणाच्या भिंतीवर आपटते आणि शिंतोडे उलटून भोकाशी येतात. अशा वेळी नोझल किंचित फिरवणे किंवा बोटभर बाहेर घेणे हा पंपावरच्या अनुभवी माणसांचा उपाय बरोबर आहे, त्याला शास्त्रीय आधार आहे. तो दोष लपवण्याचा प्रकार नव्हे, मापांची जुळणी आहे. नोझल आणि गळा यांची मापे जुळवण्यामागे मोठा इतिहास आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेत धूर स्वच्छ करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले. शिसेयुक्त पेट्रोलने ते निकामी होत, म्हणून शिसेविरहित पेट्रोलचे नोझल सुमारे २१ मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे मुद्दाम बारीक केले गेले आणि नव्या गाड्यांचा गळाही तेवढाच अरुंद ठेवला गेला. शिसेयुक्त पेट्रोलचे सुमारे २४ मिलिमीटरचे नोझल त्यात जाईच ना. भारतात शिसेविरहित पेट्रोल चार महानगरांत १९९५ मध्ये आले आणि फेब्रुवारी २००० पासून देशभर तेच विकले जाऊ लागले. शिसे गेले, बारीक नोझल राहिले, आणि त्याचा एक उलटा परिणामही राहिला. डिझेलचे जाड नोझल पेट्रोल गाडीत सहसा शिरत नाही, पण पेट्रोलचे बारीक नोझल डिझेल गाडीच्या रुंद गळ्यात आरामात जाते. डिझेल गाडीत चुकून पेट्रोल पडण्याची घटना अधिक घडते आणि अधिक महाग पडते. डिझेल इंजिनाच्या उच्च दाबाच्या पंपाला वंगण मिळते ते डिझेलमधूनच, पेट्रोलमध्ये तो गुण नाही.

आता त्या सवयीकडे येऊ. टाकी फुल्ल करायला सांगितली जाते, पहिला खटका पडतो, आकडा २,८६० वर असतो आणि मग तो २,९०० करण्यासाठी, किंवा तोंडाशी पेट्रोल दिसेपर्यंत, थोडे थोडे सोडले जाते. कधी कर्मचारी स्वतःहून करतो, बहुतेक वेळा गाडीवालाच सांगतो. ही सवय धोकादायक का, याचे पहिले कारण नोझलच्या रचनेतच आहे. हवेची ओढ निर्माण होते ती धारेच्या वेगातून. धार अगदी मंद केली की अरुंद जागेतला दाब पुरेसा घटत नाही, पडदा सरकत नाही आणि आपोआप बंद होण्याची हमी राहत नाही. म्हणजे टाकी काठोकाठ आली आहे आणि सांडण्याचा धोका सर्वांत मोठा आहे, नेमक्या त्याच क्षणी आपण संरक्षक यंत्रणा निष्प्रभ करतो. दुसरे कारण गाडीत आहे. गोळ्याच्या झडपेने हवेची वाट मिटलेली असताना जबरदस्तीने आणखी पेट्रोल घातले, तर ते झडपेतून, नळ्यांतून कॅनिस्टरकडे सरकू शकते. कॅनिस्टरमधला कोळसा वाफ धरण्यासाठी आहे, द्रव पेट्रोलसाठी नाही. भिजलेला कोळसा वाफ धरेनासा होतो, कालांतराने त्याची भुकटी होऊन ती नळ्यांत आणि पर्ज व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसू शकते. मग हवेची वाट तुंबते, आणि पुढच्या वेळी पंपावर नोझल दोन लिटरांत खटके देऊ लागते. दोनशे-तीनशे रुपयांच्या जादा पेट्रोलसाठी केलेल्या आग्रहाची भरपाई काही हजारांच्या कॅनिस्टरने करावी लागते.

‘पण खटक्यानंतरही दोन-तीन लिटर बसतात, म्हणजे जागा असतेच ना?’ असे विचारले जाते. जागा असते हे खरे, पण ती भरण्यासाठी ठेवलेली नसते. पेट्रोल तापले की फुगते, दर दहा अंशांना साधारण एक टक्का. जमिनीखालच्या टाकीतून तीस अंशांचे चाळीस लिटर पेट्रोल घेतले आणि गाडी चंद्रपूर किंवा नागपूरच्या मे महिन्यातल्या उन्हात पंचेचाळीस अंशांपर्यंत तापली, तर अर्ध्या लिटरहून जास्त वाढ होते. त्यासाठी आणि वाफेसाठी ती जागा आहे. माहितीपुस्तिकेत ४२ लिटर लिहिलेल्या टाकीत पंपाने ४४ लिटर दाखवले म्हणजे लबाडी झाली, हा समजही याच जागेच्या विस्मरणातून येतो. पुस्तिकेतला आकडा ठरलेल्या पातळीपर्यंतचा असतो. वरची मोकळी जागा आणि गळा त्यात धरलेला नसतो. तोंडापर्यंत भरले की आकडा ओलांडला जाणारच.

या मुद्द्याचे दुसरे टोकही तपासले पाहिजे, कारण दर उन्हाळ्यात एक संदेश मोबाइलवरून फिरतो: टाकी पूर्ण भरू नका, स्फोट होईल, अर्धीच भरा. इंडियन ऑइलने २०२२ मध्ये याचे जाहीर खंडन केले. उत्पादकाने ठरवलेल्या मर्यादेपर्यंत टाकी भरणे हिवाळ्यात काय आणि उन्हाळ्यात काय, पूर्ण सुरक्षित आहे, असे कंपनीने स्पष्ट केले. त्याला भौतिकशास्त्राचाही आधार आहे. पेट्रोलची वाफ हवेत साडेसात टक्क्यांहून जास्त झाली की मिश्रण पेटण्याइतकी हवाच उरत नाही, आणि उन्हाळ्यात बंद टाकीतली वाफ या मर्यादेच्या फार वर असते. शिवाय टाकी अर्धी ठेवली तर आत वाफेला उलट जास्त जागा मिळते. म्हणजे भीती निराधार आहे आणि हव्यासही निराधार आहे. मर्यादा आहे, ती अर्ध्या टाकीवर नाही आणि काठावरही नाही. पहिला खरा खटका पडतो तिथे ती आहे.

मापाबद्दलचा संशय मात्र सहज झटकून टाकण्यासारखा नाही. २०१७ मध्ये ठाणे पोलिसांनी महाराष्ट्रभर पंपांवर छापे घातले, तेव्हा काही ठिकाणी यंत्रांत फेरफार केलेले सुटे भाग सापडले. ग्राहकाची शंका अनुभवातून आलेली आहे. पण ती शंका कुठे न्यायची हे कळायला हवे. त्या प्रकरणातली फसवणूक पल्सरमध्ये होती, म्हणजे मीटरच्या फिरण्याचे विजेच्या संकेतात रूपांतर करणाऱ्या भागात. मापन होते ते उभ्या यंत्राच्या पोटात, नोझलच्या कितीतरी आधी. नळी कायम इंधनाने भरलेली असते. नोझल बंद झाले की वाहणे थांबते आणि आकडाही थांबतो. दहा वेळा खटका पडल्याने माप कमी भरत नाही. खटक्यांमध्ये लबाडी शोधणारा ग्राहक चुकीच्या जागी पहारा देतो आणि हातातला खरा उपाय विसरतो. वैधमापन विभागाची मुद्रा असलेले पाच लिटरचे माप प्रत्येक पंपावर ठेवावे लागते. ग्राहकाला आपल्यासमोर त्यात इंधन मोजून दाखवण्याची मागणी करता येते, आणि पाच लिटरमागे पंचवीस मिलिलिटरपेक्षा जास्त तूट चालत नाही. हा हक्क वापरणारे फार थोडे आहेत, याचे वाईट वाटते.

याहून दुर्लक्षित आहे तो पंपावर नोझल धरून उभा असलेला माणूस. भारतात गाडीवाला सहसा स्वतः इंधन भरत नाही. दिवसाचे आठ-दहा तास तोंडापाशी वाकून भरणारा कर्मचारी असतो. एक लिटर पेट्रोल आत गेले की साधारण एक ग्रॅमहून थोडी जास्त वाफ बाहेर ढकलली जाते. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने लगेच वर उडून जात नाही, तिथेच रेंगाळते. तिच्यात बेंझिन असते. आपल्या बीएस ६ पेट्रोलमध्ये त्याचे प्रमाण एक टक्क्यावर जाऊ न देण्याची अट आहे, पण जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था बेंझिनला माणसात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत गणते. खटक्यानंतर दोन मिनिटे थेंब थेंब भरायला लावणे म्हणजे त्या माणसाला दोन मिनिटे जास्त त्या वाफेत, चेहरा टाकीच्या तोंडाजवळ ठेवून उभे करणे. राउंड फिगरच्या आग्रहाची ही किंमत आपण मोजत नाही, तो मोजतो. एवढ्या एका कारणासाठीही ही सवय सोडायला हरकत नसावी.

ही वाफ पकडायची कोणी, नोझलने की गाडीने, यावर जगात दोन मार्ग चालून पाहिले गेले. पहिल्यात नोझलभोवती रबरी आवरण किंवा जादा भोके असतात आणि वाफ ओढून पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत परत नेली जाते. दुसऱ्यात गाडीतला कॅनिस्टरच इतका मोठा करतात की भरतानाची सगळी वाफ तोच गिळतो. अमेरिकेने १९९८ पासून नव्या कारना टप्प्याटप्प्याने दुसरी पद्धत सक्तीची केली. २०१२ मध्ये तिथल्या पर्यावरण संस्थेने अशा गाड्या पुरेशा झाल्याचे मान्य करून नोझलवरची यंत्रणा काढण्याची मुभा राज्यांना दिली. आपल्याकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये नव्या पंपांसाठी काढलेल्या सूचनांत मोठ्या शहरांतल्या जास्त विक्रीच्या पंपांना वाफ परत घेणारी यंत्रणा बसवायला सांगितले आहे. या प्रकारच्या नोझलांवर खटक्यानंतर भरत राहिले तर वाफेच्या वाटेने द्रव पेट्रोलच ओढले जाऊन पंपाच्या टाकीत परत जाऊ शकते, आणि ते मीटरवर मोजून, म्हणजे ग्राहकाने पैसे देऊन झालेले असते.

गाडी सारखी अडत असेल, तर गॅरेजमध्ये जाताना मेकॅनिकला पुरवण्यासारखी माहिती ही आहे. एकाच पंपावर अडते की सगळीकडे. मंद धारेत सुरळीत भरते का. टाकी रिकामी असतानाही अडते की फक्त शेवटी. भरून झाल्यावर गाडी लगेच सुरू होत नसेल, धापा टाकत असेल, तर पर्ज व्हॉल्व्ह उघडाच अडकल्याचा संशय घ्यावा. गाडीच्या मागच्या बाजूला पेट्रोलचा वास येत असेल तर कॅनिस्टर भिजला आहे का, हे बघायला सांगावे. यात सर्वांत स्वस्त तपासणी हवेच्या बाहेरच्या नळीची आणि तिच्या फिल्टरची. चिखल, जाळे किंवा कुंभारीण माशीने केलेले मातीचे घर तिथे आहे का हे गाडी उचलून पाच मिनिटांत दिसते. कॅनिस्टर बदलण्याचा खर्च सुचवला गेला तर ही पाच मिनिटांची पाहणी आधी झाली आहे का, हे जरूर विचारावे.